डोक्याला मार लागलेला कबड्डीपटू मॅटवर परत कसा आणावा

साखळीत दोन डोकी एकमेकांवर आपटली, किंवा पकड करताना चढाईपटूचा गुडघा कानशिलावर बसला आणि पोरगा भांबावला, की तो त्या दिवसापुरता बाहेर. 'शुद्ध कुठे गेली होती?' हा वाद घालू नका. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम बिघडतं तेव्हा, बहुतेकांची शुद्ध जातच नाही. लक्षणं उशिराही येतात. 2019 साली लॉर्ड्सवर आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यावर स्टीव्ह स्मिथ तपासणी करून पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्रास जाणवू लागला.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, फिट, गुंगी, मानेत कळ, हातापायांत अशक्तपणा, यातलं काहीही दिसलं तर कांदा हुंगवत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

पहिले दोन दिवस आराम. घरातल्या घरात फिरू द्या, मोबाइल कमी करा. मग चालणं, सायकल, हलकं धावणं. मग एकट्याने पदन्यास आणि बोनस रेषेचा सराव. प्रत्येक टप्प्याला किमान 24 तास. शाळा-कॉलेज नीट सुरू झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. घोळ होतो तो यानंतर, अंगाला अंग लागण्याआधी.

माझा झाला. उजव्या कोपऱ्यात खेळणारा बारावीचा मुलगा. सीटी स्कॅन चांगला आला होता, सहाव्या दिवशी जिल्ह्याची निवड चाचणी होती आणि तो म्हणाला, "सर, एकदम ओके." मी उतरवला. घोट्याला हात घालायला त्याला क्षणभर उशीर झाला आणि डोकं चढाईपटूच्या मांडीखाली सापडलं. उठून बसल्यावर त्याने मला विचारलं, "आपली चढाई आहे का?" चढाई समोरच्यांची होती. पुढे दोन महिने पुस्तकाचं एक पान वाचलं तरी त्याचं डोकं ठणकायचं. तो निर्णय माझा होता, त्याच्या वयाच्या मुलाचा नव्हता.

म्हणून सांगतो, सीटी चांगला आला म्हणजे खेळायची परवानगी मिळाली असं नाही. सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही. त्यात मेंदूच्या पेशींना ऊर्जा जास्त लागत असते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडतो. डोकेदुखी थांबली तरी हा बिघाड शिल्लक असू शकतो. त्यात दुसरा मार बसला तर क्वचित, विशेषतः किशोरवयात, मेंदूला झपाट्याने सूज येते. 2011 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बेंजामिन रॉबिन्सन हा 14 वर्षांचा मुलगा शाळेच्या रग्बी सामन्यात मार बसूनही खेळत राहिला आणि दोन दिवसांनी गेला.

आता मी 'ओके'वर विश्वास ठेवत नाही. आधी संपर्काशिवाय पूर्ण वेगाचा सराव घेतो, घाम निथळेपर्यंत. मग लगेच निदानरेषेवर टाचेला पाऊल लावत चालायला लावतो आणि महिने उलटे म्हणायला सांगतो: डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर... तोल गेला किंवा मधेच अडखळला, तर त्या दिवशी तिथेच थांबायचं. सरावाआधी वेदनाशामक गोळी देणं माझ्याकडे बंद आहे. लक्षण झाकलं गेलं तर मी पाहू काय? ही चाचणी डॉक्टरांची जागा घेत नाही. लक्षणं पूर्ण गेलेली हवीत आणि संपर्काच्या सरावाला डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. मोठ्यांना बहुधा दोन आठवडे लागतात, मुलांना महिनाही लागतो. निवड चाचणी त्याआधी असेल तर ती सोडायची. आईवडिलांना हे मी पहिल्याच दिवशी घरी जाऊन सांगतो.

परवानगी मिळाल्यावर आधी ओळखीच्या जोडीदारासोबत एकास एक पकड, मग साखळी, मग पूर्ण सराव, शेवटी सामना. यात कुठेही डोकं पुन्हा दुखलं, तर डॉक्टरांना कळवायचं आणि पुन्हा एकट्याच्या पदन्यासावर यायचं.