मुंबईत खरं मेक्सिकन जेवण शोधायचंय? आधी टॉर्टिया कशाची ते विचारा

मुंबईत मेक्सिकन खायचं ठरलं की आपण अ‍ॅपवर मेक्सिकन टाकतो, रेटिंग बघतो आणि जे वर येईल तिथे जातो, मग समोर येतो कडक शेलमधला टाको, त्यात राजमा आणि वरून पिवळं चीज. चवीला छान लागतं, मीपण खातो, पण हा प्रकार मेक्सिकोपेक्षा अमेरिकेतून आपल्याकडे आलाय, टाको बेलसुद्धा १९६२ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली कंपनी. मेक्सिकोत घरोघरी, गाड्यांवर जे खातात त्याच्या जवळपास जायचं असेल तर शोधायची पद्धतच बदलावी लागते.

सगळ्यात आधी फोन करा. टेबल बुक करतानाच विचारा की टॉर्टिया (टाकोची तिकडची पातळ पोळी) मैद्याची आहे की मक्याची, आणि मक्याची असेल तर तुम्ही किचनमध्ये करता की पॅकेटची आणता. मैद्याची म्हणजे खोटी असं नाही हां, उत्तर मेक्सिकोत गव्हाची टॉर्टिया अगदी रोजची आहे, पण मध्य आणि दक्षिण मेक्सिकोचं सगळं जेवण मक्यावर उभं आहे. आणि तो मका साधा दळलेला नसतो, चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच भिजत ठेवतात, सकाळी चोळून सालं काढतात, धुतात आणि ओलाच वाटतात. ह्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात आणि वाटलेल्या गोळ्याला मासा (मासळीशी काही संबंध नाही). चुन्यामुळे पीठ धरून राहतं, आपल्या मक्याच्या भाकरीच्या कडा फाटतात तशा ह्याच्या फाटत नाहीत, वास वेगळा येतो आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला लागतं. फोनवरचा माणूस "थांबा, शेफना विचारून सांगतो" म्हणाला तर तिथे नक्की जा, कारण जिथे हे काम मनापासून होतं तिथे सांगायलाही आवडतं.

मग मेन्यू नीट वाचा. नाचोज, फहिता, चिमिचांगा एवढंच असेल तर ते अमेरिकेच्या सीमेवरचं किंवा सीमेपलीकडचं खाणं आहे (नाचोज १९४० च्या दशकात पिएद्रास नेग्रास ह्या सीमेवरच्या गावात झाले, म्हणजे जन्म मेक्सिकोतलाच, पण ते तिथलं रोजचं जेवण नाही). सोपेस (माशाच्या जाड पुरीवर बीन्स वगैरे), पोसोले (मक्याच्या दाण्यांचं सूप), ओआहाका किंवा पुएब्लाचा मोले (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा), युकातानची कोचिनिता पिबिल (मंद शिजवलेलं डुकराचं मांस) अशी नावं दिसली, त्यातही कुठल्या भागाचं ते लिहिलेलं असलं की माझा विश्वास बसतो. टाकोस अल पास्तोर (भाजलेल्या डुकराच्या मांसाचे टाको) दिसलं तर विचारा उभ्या सळईवर भाजता का, लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शवर्मावरूनच ते आलंय त्यामुळे सळई महत्त्वाची. साल्सा कुठल्या मिरचीची हेही विचारा, गुआहियो, आंचो, चिपोतले असं नाव घेऊन उत्तर आलं पाहिजे.

शाकाहारी असाल तर अजून दोन प्रश्न विचाराच. वाटून परतलेल्या बीन्समध्ये तिकडे परंपरेने डुकराची चरबी घालतात आणि लाल भात बरेचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात. मुंबईत बहुतेक ठिकाणी तेल आणि साधं पाणीच वापरत असतील पण खात्री केलेली बरी.

एरियाचं म्हणाल तर वांद्रे, खार, लोअर परळ, काळा घोडा इथून सुरुवात करा. घरून ऑर्डर घेणारे शेफ आणि एक-दोन दिवसांचे पॉप-अप इन्स्टावर शोधत राहा, १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन आणि १-२ नोव्हेंबरला मृतांचा सण, त्या सुमारास जरा जास्त लक्ष ठेवा. ५ मे ह्या मेक्सिकन दिवसाचा गाजावाजा अमेरिकेत जास्त होतो, ती १८६२ च्या पुएब्लाच्या लढाईची आठवण आहे.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, बाजार. दादरला भाजीवाल्या मावशींकडे घोळ मिळते ना, तीच मेक्सिकोत हिरव्या साल्सात मांसाबरोबर शिजवतात. भोपळ्याची फुलं मिळाली तर चीजबरोबर टॉर्टियात घाला, हा तिकडचा नेहमीचा केसादिया. राजगिरा मूळचा तिकडचाच, आपल्या राजगिऱ्याच्या चिक्कीसारखीच वडी तिथे रस्त्यावर विकतात. लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत आणि चिंचेचं सरबत दोन्ही तिथे टाकोच्या गाडीशेजारी हमखास असतं. अवोकाडो आणि डबाबंद चिपोतले क्रॉफर्ड मार्केटच्या इम्पोर्टेड मालाच्या दुकानांत बघा. गुआहियो नाहीच मिळाली तर लालबागच्या मिरची गल्लीतून बेडगी आणा, रंग खोल आणि तिखटपणा कमी, साल्साला चालते. टोमॅटो, कांदा, लसूण कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजायचे, बेडगी जरा शेकून गरम पाण्यात भिजवायची आणि सगळं पाट्यावर जाडसर वाटायचं, मिक्सरमध्ये केलं तर थांबून थांबून फिरवा.

आणि हॉटेलात अशा मक्याच्या गोळ्याची टॉर्टिया मिळालीच नाही तर घरी करा, खरंच अवघड नाही. १ किलो वाळलेला मका (स्वीट कॉर्न अजिबात नको), १० ग्रॅम खायचा चुना, भरपूर पाणी, स्टीलचं पातेलं घ्या कारण चुन्याने अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास उकळायचं, झाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाणी टाकून दाणे चोळून तीन-चारदा स्वच्छ धुवायचे. ओला मका पिठाच्या गिरणीत नेऊ नका, इडलीच्या वेट ग्राइंडरमध्ये थोडं थोडं पाणी घालून वाटा. मिक्सरमध्ये पाणी जास्त घालावं लागतं आणि गोळा सैल होतो, मग त्यात पॅकेटमधलं मासा पीठ मिसळून घट्ट करता येतं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये गोळी दाबून पातळ टॉर्टिया करायची आणि चांगल्या तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून भाजायची. पहिली भाजली की गरम असतानाच दुमडून बघा, मोडली तर पिठात पाण्याचा हात लावा, कागदाला चिकटत असेल तर गोळा थोडा वेळ उघडा ठेवा आणि मग पुढच्या करा.