ख्याल ऐकण्याआधी अ‍ॅपमध्ये एवढं करा

मी गाणं शिकवते. क्लासला येणारी मुलं सगळंच मोबाइलवर ऐकतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना अ‍ॅपचं सेटिंग उघडायला लावते.

आधी क्रॉसफेड बंद करा. त्यात एका गाण्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो. सिनेमाच्या गाण्यांना चालतं, पण ख्यालाच्या अल्बममध्ये विलंबित (संथ लयीचा भाग) आणि द्रुत (जलद भाग) हे बहुधा वेगवेगळे ट्रॅक असतात. विलंबिताची शेवटची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते न येते तोच द्रुताचा मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, तिच्यावर चढलेला मी ऐकलाय, जीव कळवळला. शफलही बंदच हवं.

मग ऑडिओ क्वालिटी. ती 'ऑटोमॅटिक'वर असली तर नेट मंदावलं की दर्जाही घसरतो. स्पॉटिफायवर 'लो' म्हणजे 24 केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) आणि 'व्हेरी हाय' म्हणजे 320. 24 वर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणीत गुंजारव, हरवते, नुसती भुणभुण उरते. ज्याला सूर लावायला शिकायचंय, त्याने असं ऐकूच नये. घरच्या वायफायवर 320 ने डाउनलोड करून ठेवा, तासाला साधारण 144 एमबी लागतात. लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता साठवलेला आवाज, ऐकायचा तर वायरचे हेडफोन घ्या, कारण नेहमीच्या ब्लूटूथवर तो काही भाग गाळूनच पाठवला जातो.

78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) जुन्या रेकॉर्डसाठी मात्र लॉसलेसचा हट्ट नको. तिथे कान वेगळ्या कारणाने उघडे ठेवा. एकच ध्वनिमुद्रण अनेकदा तीन-चार अल्बमांत सापडतं. सगळी ऐकून बघा आणि थोडी खरखर असलेलं ठेवा. खरखर फार पुसली की तानेची धारही बोथट होते.

नवीन काय ऐकायचं, हे ऑटोप्लेवर सोडू नका. गुरूचं नाव धरून शोधा. केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. तिच्यापासून सुरुवात करा. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ. खाँसाहेबांच्याच शिष्या मोगूबाई कुर्डीकर, मोगूबाईंच्या कन्या आणि शिष्या किशोरी आमोणकर. खाँसाहेबांच्या मुलांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर. घराणं एक, पण दर वळणावर गळा निराळा.

मोगूबाईंचं नाव रोमन लिपीत दोनदा टाइप करा, एकदा 'जी'पुढे 'एच' लावून, एकदा न लावता. एका अ‍ॅपवर मला पहिल्या खेपेला काहीच मिळालं नव्हतं.