भाव विचारला, तर उत्तर कसं लिहावं

जळगावच्या एमआयडीसीतल्या एका दाळमिलच्या ऑफिसात मी १९ वर्षं गिऱ्हाइकांना उत्तरं लिहिते आहे. आधी पत्रं आणि फॅक्स होते, मग ईमेल आले, आता बहुतेक सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. येत्या मे महिन्यात मी काम सोडणार. माझ्या जागी आलेली मुलगी बी.कॉम. आहे, टॅली येतं, टायपिंगचा हात माझ्याहून जलद. पण परवा एकाने तूरदाळीचा भाव विचारला, तर तिने लिहिलं, "आपली चौकशी मिळाली. लवकरच संपर्क करू." त्याने तासाभरात दुसरीकडून माल घेतला. तेव्हापासून तिला रोज थोडं थोडं सांगते आहे, तेच इथे लिहिते.

सकाळी सात-साडेसातला मेसेज येतो : "रेट?" एवढाच. कोणती दाळ, किती, कुठे पाठवायची, काही नाही. अशा वेळी उलट पाच प्रश्न विचारू नये, तो माणूस कंटाळतो. त्याचं मागचं बिल काढायचं, काय नेलं होतं ते बघायचं आणि त्याच मालाचा भाव द्यायचा. नवा असेल, तर जो माल सगळ्यात जास्त जातो त्याचा. मी असं लिहिते :

"नमस्कार शेठ. तूरदाळ फटका, ३० किलोचा कट्टा, क्विंटलला अमुक रुपये. माल मिलवरून, गाडीभाडं तुमचं. पैसे गाडी भरण्याआधी. हा भाव आज संध्याकाळी ६ पर्यंत. उद्या दुपारी गाडी भरता येईल. किती क्विंटल हवेत तेवढं कळवा, बाजूला काढून ठेवते."

फटका म्हणजे तूरदाळीची एक प्रत. या उत्तरात प्रश्न एकच आहे, तोही शेवटी. बाकी सगळं त्याला परत न विचारता मिळालं. भाडं कोणाचं आणि पैसे कधी, हे दोन शब्द गाळले की दुपारभर फोन चालतात.

"संध्याकाळी ६ पर्यंत" हे शब्द मी नुकसान सोसून शिकले. कामाला लागून दोनच वर्षं झाली होती. बाहेरच्या राज्यातल्या एका व्यापाऱ्याला मी भाव लिहून पाठवला, मुदत लिहिली नाही. चौथ्या दिवशी त्याचा होकार आला, १०० क्विंटल. तोवर तूर क्विंटलला साडेतीनशे रुपये वर गेली होती. आमच्या मिलच्या शेठनी शब्द पाळला, माल दिला. पस्तीस हजारांचा फटका बसला आणि ते मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. पुढे एका वकिलांनी समजावलं : १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ६ सांगतं की प्रस्तावात मुदत दिली असेल तर ती संपली की प्रस्ताव संपतो, आणि दिली नसेल तर वाजवी वेळ गेल्यावर संपतो. आता वाजवी वेळ म्हणजे किती, यावर विकणारा आणि घेणारा कधी एक होतात का? म्हणून तारीख आणि वेळ लिहायचीच. जानेवारीत नवी तूर बाजारात येते तेव्हा तर मी दुपारी २ पर्यंतचीच मुदत देते.

काही प्रश्न दर आठवड्याला येतात, त्यांची उत्तरं निवांत बसून एकदाच नीट लिहून ठेवावीत. किराणा दुकानदार विचारतात, एक किलोच्या पाकिटावर जीएसटी लावता, मग ३० किलोच्या कट्ट्यावर का नाही? माझं तयार उत्तर : "१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या दाळीवर ५ टक्के कर आहे. त्यावरच्या वजनाच्या कट्ट्यावर नाही." नव्या गिऱ्हाइकाला बिलासाठी १५ अक्षरी जीएसटी नंबर आणि पूर्ण पत्ता पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. आपल्या मिलचा १४ अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) परवाना क्रमांकही त्याच उत्तरात द्यावा, तो मागेलच.

नावाकडे नीट बघा. खान्देशात पाटील, चौधरी, महाजन किती, मोजता येणार नाहीत. माझ्या फोनमध्ये "पाटील चोपडा", "पाटील पारोळा", "पाटील यावल जिनवाले" असे आहेत. एकदा चोपड्याच्या पाटलांना द्यायची सवलत पारोळ्याच्या पाटलांना लिहून गेली. ती मागे घेता आली नाही, दोघांनाही द्यावी लागली. पाठवण्याआधी नाव, गाव आणि आकडा मोठ्याने वाचायचा, ही सवय तेव्हा लागली. आणि माणसाला त्याच्या रीतीने हाक मारावी : शेठ, भाऊ, नाना, ताई. सरकारी संस्थेला किंवा आश्रमशाळेला लिहिताना मात्र "महोदय", विषय, त्यांच्या पत्राचा संदर्भ आणि तारीख, खाली "आपली विश्वासू". तिथलं पत्र फाइलला लागतं. दोन वर्षांनी कोणी उघडलं तरी कळलं पाहिजे.

नकार लिहिणं सगळ्यात अवघड, आणि बरेच जण तो लिहीतच नाहीत, गप्प बसतात. फेब्रुवारीत पापडांचे दिवस सुरू होतात. एका बचत गटाच्या ताईंनी २० किलो उडीददाळ मागितली. आम्ही एक क्विंटलच्या खाली देत नाही. मी लिहिलं : "ताई, आमच्याकडून कमीत कमी १ क्विंटल जातं, त्यामुळे २० किलो देता येणार नाही. दाणा बाजारात किरकोळ मिळेल. पापडाला घेताना बिनसालीची, यंदाच्या मालाची आहे का ते विचारा. दोन-तीन गट मिळून क्विंटलभर होत असेल तर मला कळवा." पहिल्याच ओळीत नाही आणि त्याचं कारण, मग तिचं काम कसं होईल ते. पुढच्या वर्षी पाच गट मिळून आले, तीन क्विंटल नेली.

उधारी मागणाऱ्यालाही तसंच. "पहिल्या तीन गाड्या रोखीने, नंतर १५ दिवसांची उधारी बघू" असं स्पष्ट. उधारी दिलीच तर दिवस लेखी हवेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे आमच्यासारख्या लहान कारखान्याचे पैसे ठरलेल्या दिवशी, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. काही ठरलंच नसेल तर १५ दिवसांत. पण पहिल्या स्मरणपत्रात कायदा काढू नका. बिल नंबर, तारीख, रक्कम आणि "आपल्याकडून कधी येतील तेवढं कळवा", इतकंच.

तक्रार आली की हात थांबवा, आधी पाणी प्या. "आमचा माल असा नसतोच" हे वाक्य मी आजवर लिहिलेलं नाही. गिऱ्हाइकाच्या दुकानात कट्टा फुटलेला असतो, त्याच्या पुढ्यात दाळीला जाळी लागलेली असते. मी लिहिते : "आपल्याला त्रास झाला, वाईट वाटतं. कट्ट्यावरच्या लेबलचा आणि शिलाईचा फोटो पाठवा, लॉट नंबर दिसू द्या. त्याच लॉटचा नमुना आमच्याकडे आहे, तो आज तपासते. उद्या ११ पर्यंत काय करायचं ते सांगते." आणि ११ ला सांगायचंच, तपास पुरा झाला नसला तरी "अजून चालू आहे, ४ वाजता कळवते" एवढं.

"कळवते" लिहिलेल्या प्रत्येकाचं नाव मी एका वहीत तांबड्या पेन्सिलीने लिहिते. उत्तर गेलं की रेघ मारते. संध्याकाळी मिलचा भोंगा होण्याआधी ती वही उघडते आणि ज्याच्यावर रेघ नाही, त्याला फोन लावते.