फॉल्टच्या ट्रेंचवर इंटर्न म्हणून जाताय? भिंत कशी वाचायची ते आधी शिका

कॅलिफोर्नियात सॅन अँड्रियास फॉल्टवर (फॉल्ट म्हणजे जमिनीतली मोठी भेग, भूकंपात तिच्या बाजू सरकतात) इंटर्नशिप मिळाली की वाटतं ट्रेंचमध्ये, म्हणजे फॉल्टवर खणलेल्या खोल चरात, उतरलं की फॉल्ट समोरच दिसणार. मलाही तसंच वाटलं होतं. पण मशीनने खणलेली भिंत बकेटच्या घासण्याने सारवल्यासारखी झालेली असते, थर काहीच कळत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे दिवस नुसतं खरवडायचं. थापीची धार तिरकी धरून वरून खाली पातळ पापुद्रा काढत या, आणि सुटलेली माती ब्रशने काढत राहा.

उतरण्याआधी मात्र आधार लावलाय का ते बघा. तिकडे पाच फूट किंवा जास्त खोल ट्रेंचला टेकू तरी लागतात नाहीतर भिंती पायऱ्यांसारख्या कापाव्या लागतात, आणि उपसलेली माती काठापासून निदान दोन फूट लांब हवी. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, अंगावर आली तर माणूस वाचत नाही, म्हणून टेकू किंवा पायऱ्या नसतील तर कोणीही सांगितलं तरी उतरू नका, अगदी सरांनी सांगितलं तरी.

मग खिळे आणि दोरीने भिंतीवर चौकोन आखायचे, एक मीटर बाय अर्धा मीटर चालतात, फोटो काढायचे आणि प्रिंटवर थरांच्या रेषा काढायच्या. शोधायचं एकच, कुठला थर तुटलाय आणि त्याच्यावरचा कुठला अखंड आहे. भूकंप झाला तो या दोघांच्या मधल्या काळात. याच फॉल्टवरच्या पॅलेट क्रीकला भूवैज्ञानिक केरी सीह यांनी 1970 च्या दशकात पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) आणि वाळूच्या थरांत हेच बघून 1857 च्या फोर्ट तेजोन भूकंपाच्या मागचे कितीतरी भूकंप शोधून काढले.

आता चूक कुठे होते ते सांगते. मला एक उभी भुसभुशीत पट्टी दिसली, आत वेगळ्या रंगाची माती, मी लगेच भूकंपात पडलेली भेग म्हणून लाल पेनाने काढली. संध्याकाळी अजून दोन इंच आत खरवडलं तर पट्टी गोल होऊन बाजूला वळली, ते गोफरचं, म्हणजे जमीन पोखरणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचं, बीळ होतं. तेव्हापासून तीच गोष्ट समोरच्या भिंतीत सापडत नाही तोवर पेन्सिलच, आणि बाजूला प्रश्नचिन्ह. आपल्याकडच्या काळ्या मातीत तर जास्तच जपावं लागतं, ती भिजून-सुकून फुगते आणि आकसते त्यामुळे भेगा पडतातच, शिवाय आत घासून गुळगुळीत चकचकीत पृष्ठं तयार होतात, ती हुबेहूब फॉल्टसारखी दिसतात. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीलाही ट्रेंच खणल्या होत्या, तिकडे कधी काम मिळालं तर हे डोक्यात ठेवा.

थरांचं वय काढायला त्यातले कोळशाचे तुकडे घेतात. ते चिमट्यानेच उचला, फॉइलमध्ये गुंडाळा, चौकोनाचा नंबर आणि थर तिथल्या तिथे लिहा. मुळाला चिकटलेला तुकडा नको, मुळाच्या ताज्या कार्बनमुळे वय कमी येतं. आणि कोळशाचं वय म्हणजे थराचं वय नाही हं, लाकूड आधीच जुनं असू शकतं, पुरात वाहत येऊन पडलेलं असू शकतं, म्हणून एकाच थरातून जमतील तितके तुकडे घ्या.

शेवटी ट्रेंच बुजवतात. त्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर सगळीकडे सारखी सावली असताना पुन्हा फोटो काढा, लॉग, म्हणजे रेषा काढलेले ते प्रिंट, हातात घेऊन दोन्ही बाजूंनी चालत जा, आणि प्रत्येक सॅम्पलचा नंबर वहीशी जुळतोय का बघा.