‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मधला सांधा कानाने कसा पकडायचा

बीटल्स या इंग्लिश बँडचं हे गाणं शंभरदा ऐकलेल्यांनाही बऱ्याचदा माहीत नसतं की ही दोन वेगवेगळी रेकॉर्डिंगं आहेत, वेगळ्या लयीतली, वेगळ्या पट्टीतली, आणि मधोमध एक सांधा आहे. तो एकदा ऐकू आला ना, की गाणं पुन्हा पहिल्यासारखं ऐकूच येत नाही, म्हणून म्हटलं नीट सांगावं.

आधी हेडफोन लावा. मोबाईलच्या स्पीकरवर खालचे सूर येतच नाहीत आणि इथे सगळा खेळ चेलोचा (व्हायोलिनचा मोठा, खर्ज आवाजाचा भाऊ) आहे. आणि मूळ गाण्यापासून सुरुवात करू नका! आधी टेक ऐका, म्हणजे स्टुडिओत तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून केलेली एकेक रेकॉर्डिंगं. बीटल्सच्याच १९९६च्या ‘अँथॉलॉजी २’ या संग्रहात टेक १ आणि टेक ७ आहेत, पण टेक २६ अख्खा हवा तर त्यांच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बमच्या २०१७च्या मोठ्या सेटमध्ये मिळेल.

टेक १ हा २४ नोव्हेंबर १९६६चा, अ‍ॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओतला. यात आपल्या ओळखीची सुरुवातच नाही, गाणं थेट अंतऱ्यावर येतं आणि ध्रुवपद नंतर. गाणाऱ्या जॉन लेननचा आवाज अगदी जवळ, साधा, आणि मागे मेलोट्रॉन, म्हणजे असा कीबोर्ड की पट्टी दाबली की आत टेपवर आधीच भरून ठेवलेला बासरीचा सूर वाजतो. मला विचाराल तर सगळ्यात हळवा टेक हाच, लिव्हरपूलमधल्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ या अनाथाश्रमाच्या बागेची लेननची लहानपणची आठवण इथे उघडी पडलेली आहे.

मग टेक ७. संथ, स्वप्नाळू. हा दोनदा ऐका कारण गाण्याचं पहिलं मिनिट इथूनच आलंय. आणि लगेच टेक २६, हा एकदम अंगावर येतो, चार ट्रम्पेट, तीन चेलो, उलटी वाजवलेली झांज, लय भरधाव. यातच बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने वाजवलेलं आपलं स्वरमंडळ आहे. किशोरीताईंच्या मांडीवर जे असायचं तेच हो! वरून खाली घरंगळत येणारी सुरांची सर ऐकू आली की समजा तेच, आपल्या कानाला ते शोधावं लागत नाही.

लेननला टेक ७ची सुरुवात आवडली आणि टेक २६चा शेवट, दोन्ही जोडा म्हणाला. आता गंमत बघा, पट्टीत साधारण अर्ध्या सुराचा फरक, म्हणजे पेटीवर पांढरी एक आणि काळी एक यात असतो तेवढा, पण संथ टेक खालच्या पट्टीत होता आणि जलद टेक वरच्या. जुन्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की गाणं हळू व्हायचं आणि आवाजही जाड व्हायचा, आठवतंय? तेच तत्त्व. टेपचा वेग बदलला की लय आणि पट्टी एकत्रच हलतात, त्यामुळे निर्माता जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिकने २२ डिसेंबरला टेक ७ जरा पळवला, टेक २६ हळू केला आणि दोन्ही एकमेकांत बसले.

आता मूळ गाणं लावा आणि घड्याळावर लक्ष ठेवा. बरोब्बर एक मिनिटाच्या आसपास, ध्रुवपदात ‘गोइंग टू’ हे शब्द येतात तिथे सांधा आहे. पहिल्यांदा शब्द सोडा, फक्त खाली कान ठेवा, अचानक चेलो घुसतात, जमीनच बदलते. दुसऱ्यांदा फक्त आवाज ऐका, सांध्यानंतर तो जाडसर, झोपाळलेला होतो, कारण तो हळू केलेला आहे. तिसऱ्यांदा थोडं पुढे जाऊन स्वरमंडळाची सर येईपर्यंत थांबा, ती आली म्हणजे तुम्ही नक्की दुसऱ्या तुकड्यात आहात.

कानाची खात्री करायची असेल तर ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये टेक ७ आणि टेक २६ वरखाली दोन ट्रॅकवर ठेवा आणि टेक २६चा स्पीड थोडा थोडा कमी करत जा (अर्धा सूर म्हणजे साधारण ६ टक्के, त्याहून जास्त लागलं तरी बिचकू नका). टेम्पोवाला पर्याय अजिबात घेऊ नका, त्यात पट्टी जागेवरच राहते आणि मग काही केल्या सूर जुळत नाहीत. टेक ७ अगदी किंचित वर न्या. ध्रुवपदावर दोन्ही लेनन एका सुरात आले की तिथेच कापा, आणि जोडावर पहिला मावळत दुसरा उगवेल असा अगदी छोटा फेड द्या.