कोर्टाचा निकाल आला की पुढाऱ्यांचे बाईट नंतर, आधी निकालाची शेवटची पानं

मोठा निकाल लागला की पहिल्या अर्ध्या तासात टीव्हीवर जे काही ऐकू येतं त्यातलं बहुतेक निकाल न वाचता बोललेलं असतं, शंभर-दीडशे पानं इतक्यात वकिलाची पण वाचून होत नाहीत. आपल्या बाजूने वाटला तर "सत्याचा विजय", विरोधात वाटला तर "कोर्टावर दबाव आहे", आणि काहीच कळलं नसेल तर "आमचा न्यायदेवतेवर पूर्ण विश्वास आहे". त्यामुळे स्वतः कसं बघायचं ते सांगतो, त्यासाठी वकील असायची काही गरज नाही.

सगळ्यात आधी बघायचं की आलंय ते नेमकं काय. निकाल आहे, अंतरिम म्हणजे तात्पुरता आदेश आहे, की सुनावणी चालू असताना न्यायमूर्ती तोंडी काही बोललेत? "कोर्टाने झापलं", "सरकारला दणका" असल्या बातम्यांमध्ये बऱ्याचदा नुसता तोंडी शेरा असतो आणि तो आदेशात कुठेच नसतो. एप्रिल 2021 मध्ये मद्रास हायकोर्ट निवडणूक आयोगाला म्हणालं की कोविडच्या दुसऱ्या लाटेसाठी तुमच्यावर खुनाचा गुन्हा लावायला हवा. देशभर हेडलाईन झाली, आयोग सुप्रीम कोर्टात गेला, आणि 6 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शेरा कठोर होता पण तो रेकॉर्डवरच नाही, मग काढून काय टाकणार. (मीडियाने असे शेरे छापू नयेत ही आयोगाची मागणी पण मानली नाही, हे विशेष.)

स्थगितीचं पण तसंच. 4 ऑगस्ट 2023 ला राहुल गांधींच्या मोदी आडनावावरच्या वक्तव्याच्या मानहानी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तीन दिवसांनी खासदारकी परत मिळाली, आणि लगेच बरेच जण "निर्दोष सुटले" म्हणून फिरवायला लागले. शिक्षेविरुद्धचं अपील तेव्हा बाकीच होतं. कोर्टाचं म्हणणं एवढंच की खालच्या कोर्टाने 2 वर्षांची कमाल शिक्षा का दिली त्याचं कारण लिहिलं नाही, एक दिवस जरी कमी असता तर अपात्रता लागली नसती. त्याच आदेशात हे पण आहे की ते वक्तव्य चांगल्या अभिरुचीचं नव्हतं. कोणी कुठलं वाक्य उचललं ते तुम्हीच ओळखा.

आता निकाल मिळवायचा. सुप्रीम कोर्टाच्या आणि मुंबई हायकोर्टाच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळते, जिल्हा कोर्टाची केस असेल तर ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये 16 अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकला की तारखा आणि आदेश दिसतात. सुप्रीम कोर्टाच्या काही निकालांची मराठी भाषांतरं पण आहेत, समजून घ्यायला बरी, पण शब्दावरून भांडायचं असेल तर इंग्रजीच ग्राह्य.

पीडीएफ उघडली की सुरुवातीपासून वाचत बसू नका, दहाव्या पानावर झोप येईल. थेट शेवटी जा. तिथे निष्कर्ष आणि आदेश असतात. शिवसेनेतल्या फुटीवरचा सुप्रीम कोर्टाचा 11 मे 2023 चा निकाल घ्या, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, एकमताने. शेवटच्या भागात एक मुद्दा आहे की राज्यपालांनी उद्धव ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगणं योग्य नव्हतं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची परिस्थिती परत आणता येत नाही. आणि त्याला लागूनच पुढचा मुद्दा, राज्यपालांनी एकनाथ शिंदेंना सरकार बनवायला बोलावणं योग्य होतं. एका बाजूने पहिल्या मुद्द्याचा अर्धा भाग घेऊन नैतिकतेवर राजीनामा मागितला, दुसरी बाजू सरकार वाचलं म्हणून लोकशाहीचा विजय म्हणाली. दोघंही खोटं बोलत नव्हते, दोघांनी आपापलं वाक्य कापून घेतलं होतं. शिंदे गटाच्या भरत गोगावलेंना प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश देणारा) म्हणून मान्यता देण्याचा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय बेकायदा, हे पण त्याच यादीत होतं.

तिथेच हे पण शोधा की कोर्टाने काम कोणावर सोपवलंय आणि मुदत दिलीय का. शिवसेनेच्या निकालात आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी "वाजवी वेळेत" घ्यावा असं लिहिलं होतं, तारीख नव्हती, मग काय होणार ते झालं. कोर्टाला नंतर 31 डिसेंबर 2023 ची मुदत घालावी लागली, ती पुढे 10 जानेवारी 2024 झाली, आणि त्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी कोणालाच अपात्र केलं नाही, वर गोगावलेंची नेमणूक वैध धरली. मे महिन्यात ज्यांनी नुसते बाईट ऐकले होते त्यांना हे सगळं अचानक आल्यासारखं वाटलं.

न्यायमूर्तींचं एकमत होतं की बहुमत, आणि कुठल्या मुद्द्यावर, हे पण बघा. 5 मे 2021 ला मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला तेव्हा 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यासारखी असाधारण परिस्थिती नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकत्र होते. मतभेद होता तो 102 व्या घटनादुरुस्तीने मागास वर्ग ठरवायचा राज्यांचा अधिकार गेला का यावर, 3 विरुद्ध 2. आणि संसदेने नंतर 105 वी दुरुस्ती करून बदललं ते हेच, 50 टक्के तसेच राहिले. पण आपल्याकडे भांडण काय चाललं, तर बाजू नीट कोणी मांडली नाही, आधीच्या सरकारने का नंतरच्या. त्याआधी जून 2019 मध्ये मुंबई हायकोर्टाने तोच कायदा टक्केवारी कमी करून टिकवला होता, तेव्हा श्रेय घ्यायला मात्र गर्दी होती. म्हणून कुठल्याही पुढाऱ्याची प्रतिक्रिया ऐकली की त्याची मागच्या एखाद्या निकालावरची प्रतिक्रिया शोधून शेजारी ठेवा, माझ्या मते कोर्टावर त्याचा किती विश्वास आहे हे मोजायची याहून स्वस्त पद्धत नाही.

निकाल वाचून पटला नाही तर बोलायला घाबरू नका. 1971 च्या अवमान कायद्याच्या कलम 5 नुसार निकाल लागल्यावर त्याच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका म्हणजे अवमान नाही. अडचण येते हेतूवर घसरलं की. केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहातून निकाल देतात म्हणाले, हायकोर्टाने 1000 रुपये दंड केला, 1970 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो 50 वर आणला पण दोषी कायम ठेवलं. प्रशांत भूषण यांना 2020 मध्ये दोन ट्वीटसाठी 1 रुपया दंड झाला, न भरल्यास तीन महिने कैद आणि सुप्रीम कोर्टात तीन वर्षं वकिली बंद. तेव्हा "विकला गेला" वगैरे लिहिण्यापेक्षा अमुक परिच्छेदातलं अमुक कारण का पटत नाही ते लिहा, परिच्छेदाचा नंबर टाका आणि पीडीएफ जोडा. ग्रुपवर ती कोणी उघडणार नाही, पण तावातावाने भांडायला आलेला माणूस नंबर बघून दोन मिनिटं थबकतो.