हेवीवेट बॉक्सिंगचे आजचे चित्र कसे वाचावे आणि उद्याचा अंदाज कसा बांधावा

हेवीवेट गटाकडे नव्याने वळणाऱ्या प्रेक्षकाची पहिली अडचण अशी असते की, ‘सध्याचा जगज्जेता कोण?’ या साध्या प्रश्नाला त्याला एकाच वेळी दोन-तीन उत्तरे मिळतात आणि प्रत्येक उत्तर आपापल्या परीने खरे असते. हा गोंधळ खेळात मुरलेला आहे आणि तो नजीकच्या काळात संपेल असे दिसत नाही. म्हणून तो समजून घेण्याची पद्धत शिकणे हाच मार्ग उरतो. माझे मत प्रथमच स्पष्टपणे नोंदवतो: या गटाची खरी स्थिती कोणाच्या कमरेला जगज्जेतेपदाचा कोणता पट्टा आहे यावरून कळत नाही, तर कोणी कोणाला, कोणत्या वयात आणि कशा प्रकारे हरवले यावरून कळते. पुढील सर्व सूचना याच मतावर उभ्या आहेत.

पट्ट्यांचा हिशेब

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये 200 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 90.7 किलोपेक्षा जास्त वजनाचा खेळाडू हेवीवेट ठरतो आणि वरची मर्यादा नसते. या गटाचे जगज्जेतेपद चार संघटना देतात: 1921 साली वेगळ्या नावाने सुरू झालेली डब्ल्यूबीए, 1963 मधील डब्ल्यूबीसी, 1983 मधील आयबीएफ आणि 1988 मधील डब्ल्यूबीओ. प्रत्येकीची क्रमवारी स्वतंत्र, नियम स्वतंत्र आणि ठरावीक मुदतीत ज्याच्याशी लढलेच पाहिजे असा अनिवार्य आव्हानवीरही स्वतंत्र असतो. चारही पट्टे एकाच्या हाती आले की चार आव्हानवीर एकाच वेळी रांगेत उभे राहतात. ते सर्व वेळेवर हाताळणे एका माणसाला शक्य नसते आणि मग रिंगमध्ये एकही ठोसा न खाता पट्टा जातो.

उदाहरणार्थ, ब्रिटनच्या टायसन फ्युरीने नोव्हेंबर 2015 मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे तत्कालीन जगज्जेता व्लादिमिर क्लिच्को याला हरवले आणि दोन आठवड्यांच्या आत आयबीएफने आपला पट्टा काढून घेतला, कारण फ्युरी अनिवार्य आव्हानवीराऐवजी क्लिच्कोशी पुन्हा लढण्यास बांधील होता. युक्रेनच्या ओलेक्झांडर उसिकने मे 2024 मध्ये रियाध येथे फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले, आणि पुढच्याच महिन्यात आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला. जुलै 2025 मध्ये वेम्बली येथे डॅनियल ड्युबॉइसला पाचव्या फेरीत बाद करून त्याने तो परत मिळवला आणि पुन्हा निर्विवाद, म्हणजे सर्व प्रमुख पट्टे एकट्याकडे असलेला, जगज्जेता झाला. त्याच नोव्हेंबरमध्ये त्याने डब्ल्यूबीओचा पट्टा सोडला आणि तो फेबियो वॉर्डलीकडे गेला. त्यामुळे 2025 संपताना तीन पट्टे उसिककडे आणि एक वॉर्डलीकडे अशी स्थिती होती.

म्हणून कोणाचेही नाव ‘जगज्जेता’ म्हणून वाचले की पहिला प्रश्न हा विचारावा: हा पट्टा रिंगमध्ये जिंकला की पत्रव्यवहारातून मिळाला? उत्तर दुसरे आले तरी त्या खेळाडूला लगेच कमी लेखू नये. त्याने त्या आधी आणि नंतर काय केले ते पाहावे. ड्युबॉइसला 2024 मध्ये आयबीएफचा पट्टा बढतीने मिळाला, पण त्याच सप्टेंबरमध्ये वेम्बलीच्या भरगच्च मैदानात त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत बाद केले. वॉर्डलीचेही तसेच आहे. पट्टा त्याच्याकडे चालत आला खरा, पण त्याआधी ऑक्टोबर 2025 मध्ये त्याने जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवले होते. ‘अंतरिम’ किंवा ‘नियमित’ असे विशेषण लागलेले पट्टे मात्र वेगळ्या खात्यात ठेवावेत. त्यांचा खरा अर्थ एवढाच असतो की हा खेळाडू मोठ्या लढतीच्या दारापर्यंत आला आहे.

गुणपत्रिका स्वतः तपासावी

पट्ट्यांपेक्षा लढतीच्या तीन पंचांची गुणपत्रिका अधिक बोलकी असते, आणि ती वाचणे वाटते तितके अवघड नाही. तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या असतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण आणि हरणाऱ्याला साधारणपणे 9 गुण मिळतात. एखादा खेळाडू खाली पडला किंवा रेफरीने त्याच्यावर मोजणी केली, तर त्याला बहुधा 8 मिळतात. म्हणजे कोणीही न पडता, एकही फेरी बरोबरीत न देता लढत पूर्ण झाली, तर दोघांच्या गुणांची बेरीज 228 येते.

आता मे 2024 च्या उसिक-फ्युरी लढतीच्या तीन पत्रिका घ्याव्यात: 115-112 आणि 114-113 उसिकच्या बाजूने, तर 114-113 फ्युरीच्या बाजूने. तिन्ही पत्रिकांची बेरीज 227 येते. हरवलेला तो एक गुण नवव्या फेरीचा आहे. त्या फेरीच्या अखेरीस उसिकच्या डाव्या हाताचे ठोसे बसत गेले, फ्युरीचे पाय सैल पडले आणि तो एका कोपऱ्याकडून दुसऱ्या बाजूच्या दोरांपर्यंत झोकांड्या खात गेला. दोरांनीच त्याला तोलून धरले, म्हणून रेफरीने त्याला पडल्यासारखेच मानून मोजणी सुरू केली आणि मोजणी होताच घंटा वाजली. ती मोजणी झाली नसती आणि फेरी साध्या 10-9 ने उसिकला मिळाली असती, तर पत्रिका 115-113, 114-114 आणि 113-115 अशा झाल्या असत्या. म्हणजे लढत बरोबरीत सुटली असती आणि पंचवीस वर्षांनंतर मिळालेला निर्विवाद हेवीवेट जगज्जेता त्या रात्री मिळाला नसता. 1999 मध्ये लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलिफील्डला हरवल्यानंतर तसे कोणी झाले नव्हते. डिसेंबर 2024 च्या दुसऱ्या लढतीत तिन्ही पत्रिका 116-112 अशा होत्या, म्हणजे आठ फेऱ्या विरुद्ध चार. दोन्ही लढतींचा ‘विजयी: उसिक’ हा निकाल सारखाच दिसतो, पण पहिली एका क्षणावर ठरली आणि दुसरी स्पष्ट फरकाने, हे आकड्यांतून लगेच कळते.

सवय लावायची असेल तर जुनी लढत आवाज बंद करून पाहावी आणि प्रत्येक फेरीनंतर कागदावर गुण लिहावेत. समालोचकाचा उत्साह आणि प्रेक्षकांचा गलका हे दोन्ही गुण देताना दिशाभूल करतात. स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक चढाई, रिंगवरील ताबा आणि बचाव या चार कसोट्या आहेत. त्यांतही स्वच्छ ठोसा सर्वांत आधी मोजावा.

उंची आणि वजन पाहून निकाल ठरवू नये

क्लिच्को बंधू, फ्युरी आणि जोशुआ यांच्या काळात असा समज रूढ झाला की हेवीवेटचे भविष्य जवळपास दोन मीटर उंचीच्या आणि 110 किलोच्या पुढच्या माणसांचेच आहे. डब्ल्यूबीसीने 2020 मध्ये 200 ते 224 पौंडांचा ब्रिजरवेट हा मधला गट निर्माण केला, त्यामागेही हाच विचार होता. त्यानंतर काय घडले ते पाहावे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमधील सुवर्णपदक आणि 2018 मध्ये हेवीवेटच्या खालच्या क्रूझरवेट गटाचे चारही पट्टे मिळवून वर आलेल्या उसिकने जोशुआ, फ्युरी आणि ड्युबॉइस या तिघांना प्रत्येकी दोनदा हरवले. फ्युरीविरुद्धच्या दुसऱ्या लढतीआधी काट्यावर उसिक 226 पौंड भरला होता आणि फ्युरी 281 पौंड.

याचे कारण हातांत नाही, पायांत सापडते. उसिक डावखुरा आहे. त्याचा पुढचा उजवा पाय तो वारंवार प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेरच्या अंगाला नेऊन ठेवतो, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला सरळ वाट मिळते आणि समोरच्याला उजवा ठोसा मारण्यासाठी आधी वळावे लागते. अवजड माणसाला वळायला वेळ लागतो, आणि प्रत्येक वळणात थोडी शक्ती खर्च होते; सातव्या-आठव्या फेरीत तिचा हिशेब चुकता होतो. लढत पाहताना एक संपूर्ण फेरी फक्त दोघांच्या पायांकडे पाहून काढावी. मला ही या खेळातील सर्वांत आनंददायक शिकवणी वाटते.

पराभव आणि अपराजित आलेख

अपराजित आलेख हे जाहिरातीचे आवडते साधन आहे, परंतु अंदाजासाठी ते कच्चे साधन आहे. डीऑन्टे वाइल्डर फेब्रुवारी 2020 मध्ये फ्युरीसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या नावावर 42 विजय, एक बरोबरी आणि एकही पराभव नव्हता. सातव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातूनच पांढरा टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मानली. याउलट ड्युबॉइस 2020 मध्ये जो जॉइसकडून आणि 2023 मध्ये उसिककडून हरला, त्याच्या हिमतीवरही शंका घेतली गेली, आणि तरीही पुढच्याच वर्षी तो फिलिप हर्गोविच आणि जोशुआ यांना थांबवून उभा राहिला. तेव्हा आलेखात तीन गोष्टी शोधाव्यात: प्रतिस्पर्धी त्या वेळी भरात होता का, खेळाडू कधी अडचणीत आला होता का, आणि आला असल्यास त्याने काय केले. वॉर्डली जून 2025 मध्ये इप्सविच येथे जस्टिस हुनीविरुद्ध गुणांवर स्पष्टपणे मागे होता आणि दहाव्या फेरीत एका ठोशाने त्याने लढत संपवली. यातून त्याची ताकद दिसते आणि त्याचे उणेपणही. दोन्ही नोंदवून ठेवावे.

निवृत्तीच्या घोषणा मात्र अंदाजात धरूच नयेत. फ्युरीने 2022 मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्याच डिसेंबरमध्ये तो लढला. जानेवारी 2025 मधील घोषणाही याच अनुभवाच्या प्रकाशात वाचावी.

पैसा कोठून येतो ते पाहावे

कोणती लढत होईल हे गेल्या काही वर्षांत मुख्यतः सौदी अरेबियाच्या पैशाने ठरले आहे. जोशुआ-रुईझ दुसरी लढत 2019 मध्ये दिरिया येथे झाली, आणि ऑक्टोबर 2023 पासून रियाध सीझन या सौदी महोत्सवाच्या झेंड्याखाली सौदी अधिकारी तुर्की अल अलशेख यांनी परस्परांशी न बोलणाऱ्या प्रमोटरांना, म्हणजे लढती भरवणाऱ्यांना, एका मंचावर आणले. वर्षानुवर्षे रखडलेल्या लढती त्यामुळे झाल्या, हे श्रेय द्यायलाच हवे. पण एकाच तिजोरीवर अवलंबून असलेला गट त्या तिजोरीच्या मर्जीनेही चालतो, आणि मला ही काळजी खरी वाटते. त्याच मालिकेत फ्युरी एमएमए (मिश्र युद्धकला) खेळाडू फ्रान्सिस एनगानूशी लढला, तिसऱ्या फेरीत खाली पडला आणि विभागलेल्या निर्णयावर, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर, निसटला. प्रेक्षकांना तमाशा मिळाला, क्रमवारीला काहीच मिळाले नाही.

दुसरी घडामोड अमेरिकेतील आहे. तेथील 2000 सालचा मुहम्मद अली कायदा प्रमोटर आणि मॅनेजर यांचे हितसंबंध वेगळे ठेवतो आणि खेळाडूला पैशाचा तपशील कळण्याचा हक्क देतो. 2025 मध्ये मांडलेल्या नव्या विधेयकात, एकाच संस्थेने खेळाडू करारबद्ध करावेत, क्रमवारी लावावी आणि पट्टेही द्यावेत अशी व्यवस्था सुचवली आहे. चार संघटनांचा गोंधळ त्याने कमी होईल, परंतु क्रमवारी लावणारा आणि तिकिटे विकणारा एकच असेल, तर बाहेरचा लायक आव्हानवीर दाराबाहेरच राहू शकतो. या विधेयकाची वाटचाल लढतींच्या बातम्यांइतक्याच बारकाईने पाहावी.

पुढच्या पिढीचा अंदाज

उसिकचा जन्म 1987 चा, फ्युरीचा 1988 चा आणि जोशुआचा 1989 चा. जॉर्ज फोरमन 45 व्या वर्षी जगज्जेता झाला हे खरे, पण तो अपवाद म्हणूनच लक्षात राहिला आहे. त्यामुळे पुढील काही वर्षांत सूत्रे नव्या हातांत जाणार हे निश्चित आहे. प्रश्न एवढाच आहे की ती लढून जातील की नुसती सोडून दिली जातील.

मधल्या वयात जर्मनीचा आगित काबायेल लक्ष देण्याजोगा आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये त्याने अवाढव्य झांग झिलेईला पोटावरच्या ठोशांनी सहाव्या फेरीत संपवले. डोक्यावरच्या ठोशांमागे धावणाऱ्या या गटात शरीरावर इतक्या चिकाटीने मारा करणारा खेळाडू कोणत्याही उंच माणसाला अडचणीचा ठरतो. तरुणांत सर्वांत मोठे नाव ब्रिटनच्या मोझेस इटाउमाचे आहे: जन्म डिसेंबर 2004 चा, डावखुरा, हातांचा वेग या वजनात क्वचित दिसणारा. ऑगस्ट 2025 मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत बाद केले. तरीही ज्याच्या लढती इतक्या लवकर संपतात, त्याच्याविषयीचे मोठे प्रश्न अनुत्तरितच राहतात. त्याच्या लढतीत आठवी फेरी उजाडेल तेव्हा हात खाली येतात का, जोरदार ठोसा खाल्ल्यावर तो मागे सरतो की मिठी मारतो, आणि फेऱ्यांमधल्या एका मिनिटात श्वास सावरतो का, हे टिपून ठेवावे.

त्याही पुढचे पाहायचे असेल तर हौशी बॉक्सिंगकडे वळावे. फोरमन, लुईस, व्लादिमिर क्लिच्को, जोशुआ आणि उसिक हे सर्व ऑलिम्पिक सुवर्णविजेते होते. मात्र पदक म्हणजे हमी नव्हे: उझबेकिस्तानचा बखोदिर जालोलोव्ह टोकियो आणि पॅरिस या दोन्ही स्पर्धांत सर्वांत वजनदार गटाचा विजेता ठरला, पण हौशी स्पर्धांसाठी वेळ देताना तिशी ओलांडून गेला आणि व्यावसायिक कारकीर्द मागे पडली. बॉक्सिंगचे ऑलिम्पिकमधील स्थानच मध्यंतरी धोक्यात होते. मार्च 2025 मध्ये 2028 च्या लॉस एंजेलिस स्पर्धेसाठी ते पक्के झाले. त्या स्पर्धेत वजनदार गटाचा केवळ अंतिम सामना न पाहता सुरुवातीच्या फेऱ्यांपासून पाहावे, आणि विशीतल्या, पायांची हालचाल चांगली असलेल्या, मागे पडल्यावरही शेवटच्या, तिसऱ्या फेरीत पुढे येणाऱ्या मुलांची नावे वहीत लिहून ठेवावीत.